आधी ती यादी फाडा

‘पायथन शिकायचंय, बेस्ट रिसोर्स कुठला?’ असं विचारणाऱ्या बहुतेकांच्या मोबाइलमध्ये उत्तर आधीच पडलेलं असतं. टेलिग्रामवरून उतरवलेल्या पीडीएफ, ‘नंतर बघू’ म्हणून साठवलेले बारा-बारा तासांचे व्हिडिओ, सेलमध्ये घेतलेला एखादा कोर्स, सीनिअरने पास होताना दिलेली गाईडं. एवढं जवळ असूनही प्रश्न संपत नाही, कारण साधनं कमी आहेत ही अडचणच नसते. साधनं शोधताना अभ्यास केल्यासारखं वाटतं, आणि त्या वाटण्यावर महिने निघून जातात. चौथ्या-पाचव्या प्रकरणात गाडी अडली की पुस्तक वाईट ठरतं. मग नवं पुस्तक येतं आणि पुन्हा पहिल्या पानापासून ‘व्हेरिएबल म्हणजे काय’ सुरू होतं. पहिला धडा चार वेळा शिकलेली आणि पाचवा धडा एकदाही न पाहिलेली मुलं प्रत्येक कॉलेजात आहेत.

याचा अर्थ हाताला येईल ते पुस्तक उचला, असा नाही. वाईट पुस्तकं भरपूर आहेत आणि इंजिनिअरिंग कॉलेजांच्या आसपास तीच जास्त खपतात. निवड करावीच लागते. पण ती एका दुपारचं काम आहे, एका सेमिस्टरचं नाही.

कसोटी सरळ आहे: हे साधन मला किती लिहायला लावतं?

ब्रायन कर्निघन आणि डेनिस रिची यांचं ‘द सी प्रोग्रॅमिंग लँग्वेज’ १९७८ साली आलं. आज मिळते ती १९८८ची दुसरी आवृत्ती. यातल्या रिचींनी तर सी भाषाच घडवली. पुस्तक तीनशे पानांच्या आत संपतं आणि त्याच्या पहिल्याच प्रकरणात २४ स्वाध्याय आहेत. त्यातला एक असा: आलेला मजकूर जसाच्या तसा पुढे छापायचा, पण लागोपाठ कितीही स्पेस आल्या तरी छापताना एकच ठेवायची. ऐकायला फुटकळ वाटतं. करायला बसा. मागचं अक्षर स्पेस होतं का, हे प्रोग्रॅमला लक्षात ठेवावं लागतं, म्हणजे त्यासाठी एक व्हेरिएबल आला. तो कधी बदलायचा हे आपल्याला ठरवावं लागतं. तो चुकीच्या जागी बदलला की एकतर सगळ्या स्पेस गायब होतात, नाहीतर सगळ्या तशाच राहतात. मग कागदावर एकेक अक्षर मांडून, प्रत्येक फेरीला त्या व्हेरिएबलमध्ये काय आहे ते लिहीत बसावं लागतं. तासाभराने सुटतं. त्या तासात ‘इफ’ आणि ‘व्हाइल’ जेवढे अंगात मुरतात, तेवढे दिवसभर व्हिडिओ पाहून मुरत नाहीत.

आता याच्या शेजारी आपलं प्रश्नोत्तरी गाईड ठेवा. प्रश्न, लगेच खाली उत्तर, उत्तरानंतर आउटपुटची चौकट. विद्यार्थी ते जर्नलमध्ये उतरवतो, सबमिशनला सही घेतो, ओरलला पाठ करून जातो आणि सुटतो. गाईड परीक्षेला उपयोगी पडतं, हे मान्य. पण त्यात विद्यार्थ्याला एकही ओळ स्वतः सुचावी लागत नाही, आणि जे पुस्तक ओळ सुचायला लावत नाही ते भाषा शिकवत नाही.

व्हिडिओचा धोका वेगळा. शिकवणारा टाइप करतो, आपण टाइप करतो, त्याचं चालतं, आपलंही चालतं. हे पाटीवर गिरवणं झालं. अक्षर आलं की नाही, ते पाटी पुसल्यावर कळतं. म्हणून चांगला व्हिडिओ तो, जो मध्येच थांबून ‘आता हे तुम्ही करा’ म्हणतो आणि खरंच करण्याजोगं काही देतो. तसं देणारा नसेल तर ते काम आपण करायचं. व्हिडिओ बंद करा, फाइल मिटा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोच प्रोग्रॅम न बघता लिहा. मग त्यात एक गोष्ट बदला, जिचं उत्तर व्हिडिओत नाही.

पुस्तकाची तारीखही पाहावी लागते, आणि इथे मी कुणाची भीड ठेवणार नाही. आपल्याकडच्या कॉलेजांनी टर्बो सीची निळी स्क्रीन इतकी वर्षं जपली की कित्येक पिढ्यांना तीच म्हणजे सी भाषा वाटली. टर्बो सी हा डॉसच्या जमान्यातला कंपायलर. चौसष्ट बिटच्या विंडोजवर तो सरळ चालतही नाही, डॉसचा आभास निर्माण करणाऱ्या दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये बसवून चालवावा लागतो. सी प्लस प्लसचं पहिलं आंतरराष्ट्रीय मानक १९९८ साली आलं. ‘आयओस्ट्रीम डॉट एच’ या हेडरला त्यात जागा नव्हती. तरी त्या हेडरची ओळ पुढे कित्येक वर्षं फळ्यावर लिहिली गेली. ‘क्लिअर स्क्रीन’ आणि ‘गेट-सी-एच’ तर सी भाषेच्या मानकात कधीच नव्हते.

यात नुकसान कुणाचं होतं ते पाहा. एखादी मुलगी गावाकडे, घरी, आजचा कंपायलर लॅपटॉपवर बसवते आणि पुस्तकातला पहिला प्रोग्रॅम अक्षर न अक्षर तपासून उतरवते. पहिल्याच ओळीला एरर. तिला वाटतं, आपलंच चुकलं. पुन्हा टाइप करते, पुन्हा एरर. विचारायला जवळ कुणी नाही. आठवडाभराने ती म्हणते, ‘प्रोग्रॅमिंग आपल्याला जमणारं नाही.’ चूक पुस्तकाची, आणि शिक्षा तिला. मला याचा राग येतो, आणि तो प्रत्येक शिकवणाऱ्याला यायला हवा.

सीचं पुस्तक चाळताना ‘गेट्स’ हे फंक्शन शोधा. समोरून किती अक्षरं येणार याचा विचार न करता येईल तेवढी ते मेमरीत ओतत राहतं. २ नोव्हेंबर १९८८ रोजी इंटरनेटवर सुटलेल्या मॉरिस वर्मने यंत्रांमध्ये शिरायला ज्या वाटा वापरल्या, त्यातली एक म्हणजे ‘फिंगर’ या सेवेतला ‘गेट्स’चा वापर. २०११च्या मानकातून हे फंक्शन काढूनच टाकलं. आज एखादं पुस्तक नाव-गाव वाचून घ्यायला ‘गेट्स’ शिकवत असेल, आणि धोक्याची एक ओळही लिहीत नसेल, तर ते परत ठेवा.

मग येतो आपला लाडका प्रश्न. आयची किंमत पाच, तर ‘आय प्लस प्लस अधिक प्लस प्लस आय’ किती? ओरलला विचारतात, कॅम्पसच्या चाचणीत विचारतात, आणि उत्तरसूचीत १२ छापलेलं असतं. सीच्या मानकाप्रमाणे एकाच एक्स्प्रेशनमध्ये एकच व्हेरिएबल असा दोनदा बदलला, तर काय व्हावं हे ठरवलेलंच नाही. कंपायलरने १२ दिलं तरी चालतं, ११ दिलं तरी चालतं. ‘अनडिफाइन्ड’ हे एकच बरोबर उत्तर, आणि नेमकं तेच देणाऱ्या मुलाचे गुण कापले जातात. हे कोडं आकड्यात सोडवून दाखवणाऱ्या पुस्तकाच्या लेखकाने मानक उघडून पाहिलेलं नाही. अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात उभ्या-उभ्या या दोन गोष्टी तपासायला पाच मिनिटं पुरतात.

पायथनची तपासणी आणखी सोपी. पायथन ३ हे डिसेंबर २००८मध्ये आलं आणि पायथन २चा आधार १ जानेवारी २०२० रोजी संपला. पुस्तकात ‘प्रिंट’नंतर कंस नसेल तर ते पायथन २चं आहे. कितीही स्वस्त मिळालं तरी घेऊ नका. जावाच्या पुस्तकात ॲप्लेटवर ऐसपैस प्रकरण असेल तर तेही राहू द्या, ब्राउझरांनी ॲप्लेटची साथ कधीच सोडली. जावास्क्रिप्ट २०१५ साली इतकी बदलली की त्याआधीच्या पुस्तकावर नव्या माणसाने वेळ घालवू नये.

तारीख ताजी असली म्हणजे झालं, असंही नाही. पायथनच्या कुठल्याही साधनात लिस्टचा धडा काढा. ‘ए’ नावाची लिस्ट केली, तिच्यात १, २, ३. मग लिहिलं, बी बरोबर ए. मग बीमध्ये ४ घातला. आता ए छापली तर काय दिसेल? १, २, ३, ४. एला कुणी हात लावला नव्हता, तरी तिच्यात चार आला. नव्या माणसाला इथे धक्का बसतो, आणि बसायलाच हवा. कारण बहुतेक ठिकाणी त्याला ‘व्हेरिएबल म्हणजे डबा, त्यात किंमत ठेवायची’ असं शिकवलेलं असतं. पायथनमध्ये ए आणि बी ही दोन नावं आहेत आणि दोन्ही एकाच लिस्टची आहेत. वेगळी प्रत हवी असेल तर ती मागून घ्यावी लागते. चांगलं साधन ही गोष्ट सुरुवातीच्या धड्यांतच, उदाहरण देऊन आणि विद्यार्थ्याकडून चुकवून घेऊन सांगतं. वाईट साधन ती टाळतं, आणि मग सहा महिन्यांनी विद्यार्थी स्वतःच्या प्रोजेक्टमध्ये रात्रभर ती चूक शोधत बसतो. शंभर पानं वाचून मत बनवायची गरज नाही, ही दोन पानं वाचा.

आता पैशांबद्दल. ‘शंभर टक्के प्लेसमेंट’चे फ्लेक्स प्रत्येक शहराच्या क्लासच्या गल्लीत लागलेत आणि आईवडील कर्ज काढून फी भरतात. क्लास लावायचाच असेल तर फ्लेक्सवरचे फोटो पाहू नका. डेमो लेक्चरला बसा आणि एवढंच बघा: त्या तासात मुलांची बोटं किती वेळ कीबोर्डवर होती आणि किती वेळ वहीवर. मग विचारा, मागच्या बॅचच्या मुलांनी स्वतः लिहिलेलं काही दाखवता का. दाखवता आलं नाही तर उठून या. काही क्लासमध्ये खरंच जीव तोडून शिकवणारी माणसं आहेत, आणि ती हा प्रश्न विचारल्यावर खूश होतात.

फुकट म्हणजे हलकं, हा समज मात्र मनातून काढा. या विषयातलं सर्वांत चांगलं साहित्य पैसे न देता मिळतं. चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटचे माधवन मुकुंद यांचा पायथन आणि डेटा स्ट्रक्चर्सवरचा कोर्स एनपीटीईएलवर आहे. नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत, प्रमाणपत्राची परीक्षा द्यायची तरच शुल्क. मुकुंद घाई करत नाहीत, आणि असाइनमेंटमध्ये प्रोग्रॅम लिहून द्यावे लागतात, ते बरोबर की चूक हे यंत्र तपासतं. हार्वर्डचा ‘सीएस फिफ्टी’ इंटरनेटवर खुला आहे. स्क्रॅचपासून सुरू करून तो सीमध्ये नेतो आणि मग पायथनमध्ये. डेव्हिड मलान यांची व्याख्यानं रंगतदार आहेत, पण कोर्सचं मोल व्याख्यानांत नाही. ते दर आठवड्याच्या प्रश्नसंचात आहे. व्याख्यानं पाहून प्रश्नसंच सोडणाऱ्याने ‘सीएस फिफ्टी केलं’ असं सांगू नये.

प्रत्येक भाषेचं स्वतःचं घरचं साहित्यही असतं, आणि आपल्याकडे ते सर्वांत शेवटी उघडलं जातं. पायथनचं अधिकृत ट्यूटोरियल घ्या, गो भाषेची ‘टूर’ घ्या, रस्टचं स्टीव्ह क्लाबनिक, कॅरल निकोल्स आदींचं पुस्तक घ्या. सगळं मोफत आणि सगळं भाषेबरोबर अद्ययावत होणारं. वेबसाठी मोझिलाचं एमडीएन. नोकरीत शेवटी हेच उघडून बसावं लागतं, तर सवय पहिल्या महिन्यापासून लावलेली बरी.

इथे मराठी माध्यमातल्या मुलामुलींची अडचण खरी आहे, आणि ‘इंग्रजी सुधार’ एवढं सांगून ती झटकता येत नाही. एकाच वेळी दोन भाषा, एक इंग्रजी आणि एक यंत्राची, अनोळखी असल्या की डोकं थकतं. आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प अशांसाठी मोठा आधार आहे. छोटे छोटे ध्वनिचित्र धडे, अनेकांचा आवाज मराठीतही, आणि पद्धत अशी की अर्ध्या स्क्रीनवर धडा आणि उरलेल्या अर्ध्यावर आपला हात चालू. संकल्पना मराठीत समजून घ्या, त्यात कमीपणा काही नाही. पायथन ३मध्ये व्हेरिएबलचं नावसुद्धा देवनागरीत ठेवता येतं. ‘पगार’ असं लिहा, चालतं. ‘१२३’ हा देवनागरी अंकांतला मजकूर ‘इंट’ला दिला तर त्याची सरळ संख्या होते. पहिल्या आठवड्यात हे करून बघा, भीती निम्मी जाते. एरर मात्र इंग्रजीतच येणार, तेव्हा ती वाचायची रीत शिका. पायथनची एरर खालून वर वाचायची. शेवटच्या ओळीत काय बिघडलं ते असतं, तिच्या वर कुठल्या ओळीत बिघडलं ते. नेहमीच्या एरर मोजक्याच असतात, आणि तेवढ्यापुरतं इंग्रजी महिन्याभरात येतं.

सीसाठी माझं मत विचाराल तर, ज्याला प्रोग्रॅमिंगचा गंध नाही त्याने कर्निघन-रिचींपासून सुरुवात करू नये. व्हेरिएबल, लूप, फंक्शन यांची थोडी ओळख वाचकाला आहे, असं लेखकांनी प्रस्तावनेतच गृहीत धरलंय. शिवाय १९८८नंतर भाषेत भर पडली, काही रीती बदलल्या. आधी के. एन. किंग यांचं ‘सी प्रोग्रॅमिंग: अ मॉडर्न अप्रोच’ घ्या, जाडजूड आहे पण हात धरून नेतं. नागपूरच्या यशवंत कानेटकरांच्या ‘लेट अस सी’ने कित्येकांची भीती घालवली, त्याचं सोपं इंग्रजी हा मोठा गुण. घ्यायचं तर नवी आवृत्ती घ्या, रद्दीवाल्याकडची जुनी नको. पायथनमध्ये ज्याला ऑफिसातली कामं सोपी करायची आहेत त्याने अल स्वाइगार्ट यांचं ‘ऑटोमेट द बोअरिंग स्टफ’ घ्यावं. फाइलींची नावं बदलणं, एक्सेलमधून आकडे काढणं, असं रोजचं काम त्यात आहे आणि ते इंटरनेटवर मोफत वाचता येतं. प्रत्येक भाषेला एक. दुसरं पुस्तक पहिलं संपल्यावर.

‘२४ तासांत जावा’ छापाच्या पुस्तकांवर संगणकशास्त्रज्ञ पीटर नॉर्विग यांनी एक निबंध लिहिला. शीर्षकातच त्यांनी प्रोग्रॅमिंग शिकायला दहा वर्षं सांगितली. तो निबंध प्रत्येक क्लासच्या दारावर लावायला हवा. दहा वर्षांचं घाबरून जाऊ नका. पहिल्या तीन महिन्यांतच आपल्या कामाचं काहीतरी लिहिता येतं. पण २४ तासांचं आश्वासन देणारा माणूस आपल्याला मूर्ख समजतो, एवढं ध्यानात ठेवा.

आणि चॅटबॉट. आज प्रत्येकाच्या हातात तो आहे, त्याला दूर ठेवा म्हणणं व्यर्थ. एरर समजावून घ्यायला, ‘हे दुसऱ्या पद्धतीने सांग’ म्हणायला तो उत्तम. शिकायच्या काळात प्रोग्रॅम मात्र त्याच्याकडून लिहून घेऊ नका. वरचा तो स्पेसचा स्वाध्याय तो क्षणात सोडवून देईल, आणि ज्या तासात तुम्ही शिकणार होतात तो तास तुमच्याकडून काढून घेईल.

एक विनंती पास होऊन बाहेर पडणाऱ्यांना. तुमच्याकडची टर्बो सीची गाईडं, पायथन २ची पुस्तकं, ॲप्लेटवाली जावा, हे सगळं ज्युनिअरला देण्याची आपली पद्धत आहे, आणि ती प्रेमाची आहे. यंदा ती मोडा. ती पुस्तकं रद्दीत घाला. ज्युनिअरला एका चांगल्या पुस्तकाचं नाव द्या, आणि पहिल्या प्रकरणाचे स्वाध्याय करताना एक संध्याकाळ त्याच्या शेजारी बसा.